उन्हाळ्यातही चालणारी पाणीयोजना: निधी, विहीर आणि भूमिगत बंधारा, कामाच्या नोंदी

मी आमच्या ग्रामपंचायतीच्या पाणी समितीत आहे. गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातलं, लोकसंख्या एकोणीसशेच्या आसपास. ओढ्याकाठी एक सार्वजनिक विहीर, तिथून सव्वा किलोमीटरची रायझिंग मेन (टाकीत पाणी चढवणारी पाईपलाईन), 50 हजार लिटरची उंच टाकी आणि आता जलजीवन मिशनमधून घरोघर नळ. योजना नवी, विहीर मात्र तीच जुनी. काम चालू असताना वहीत लिहून ठेवलेलं, मागाहून कळलेलं मध्ये मध्ये जोडून, इथे टाईप करतोय, कारण हेच करू बघणारी अजून बरीच गावं असणार आणि आम्हाला जे शोधायला महिने गेले ते त्यांना लगेच मिळावं. रकमा गोल आकड्यात आहेत. तुमच्याकडे दरसूची वेगळी असेल, आणि खडक तर नक्कीच वेगळा असेल.

7 जानेवारी 2024

मागचा ऑगस्ट अख्खा कोरडा गेला. ऑक्टोबर अखेरीस सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात आपला तालुका नव्हता, नंतर महसूल मंडळांची दुष्काळसदृश यादी आली तिच्यात आपलं मंडळ आलं. समितीची बैठक झाली, सगळ्यांचं म्हणणं एकच, निधी आणा. पण कशासाठी किती आणायचा हे कुणालाच आकड्यात सांगता येईना. कोण म्हणतंय टाकी मोठी करा, कोण म्हणतंय दुसरी बोअर घ्या, कोण म्हणतंय विहीर खोल करा.

म्हणून आधी विहीर मोजली. मोटर चालवून पाणी चांगलं खाली आणलं, बंद केली, आणि दर तासाला टेप बांधलेली दोरी सोडून पातळी लिहीत गेलो. तासाला सरासरी 10 सेंटीमीटर चढत होती. विहिरीचा व्यास 8 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 50 चौरस मीटर, म्हणजे 10 सेंटीमीटरला 5 हजार लिटर, दिवसाला 1 लाख 20 हजार. गावाला जलजीवनच्या निकषाने माणशी 55 लिटर धरलं तर 1,900 गुणिले 55, 1 लाख 4 हजार 500 लिटर लागतात. जानेवारीत कसंबसं पुरतंय. आणि योजना मंजूर होताना फाईलला लावलेली क्षमता चाचणी बघितली तर तीसुद्धा हिवाळ्यातलीच, मे महिन्यातला एकही आकडा कुठल्याच कागदावर नाही.

ठरवलं की आता दर रविवारी मोजायचं. याला पैसे लागत नाहीत. ज्या गावाला निधी मागायचा आहे त्याने पहिलं काम हेच करावं, पुढे प्रत्येक टेबलावर ही वही कामाला आली.

20 जानेवारी 2024

ग्रामसेवक भाऊसाहेबांबरोबर बसून कुठल्या हेडमध्ये (खर्चाच्या खात्यात) काय बसतं ते काढलं. यात सगळ्यात जास्त वेळ गेला कारण "पाणीयोजना टिकाऊ करणे" असं एक खातं कुठेच नाही. पैसा आहे, पण तुकड्या तुकड्यात आहे.

जलजीवनचा पैसा केंद्र आणि राज्य अर्धा अर्धा घालतं, त्यातून नळ, पाईप, टाकी, पंप होतं. स्रोत बळकट करायचा तर तिथे मार्गदर्शक सूचनाच सांगतात की रोजगार हमी, वित्त आयोग, पाणलोट अशा दुसऱ्या योजनांशी सांगड घाला. म्हणजे नळाचा ठेकेदार विहिरीत पाणी कुठून येतं ते बघणार नाही, ते गावानेच बघायचं.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटी ठेवलेत, त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायचे. बंधितातले अर्धे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी, अर्धे स्वच्छतेसाठी. आमच्या वाट्याला पाण्याच्या हेडमध्ये वर्षाला तीन लाखांच्या आसपास येतात, आणि आधीच्या वर्षांचेही बरेच पडून होते कारण खर्च कशावर करायचा हेच ठरलेलं नव्हतं. गावाच्या हातात असलेला सगळ्यात खात्रीचा पैसा हाच. त्यातून पेव्हर ब्लॉक करता येत नाहीत हे चांगलंच आहे.

रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण 60:40 राखावं लागतं, त्यामुळे बांधबंदिस्ती, चर अशी हाताची कामं तिथे नीट बसतात, पोकलेनचं काम बसत नाही.

टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून तीन टप्प्यांत असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. टँकर, विहीर अधिग्रहण, विंधन विहीर, बुडक्या (ओढ्या-नदीच्या पात्रात खणलेले खड्डे), तात्पुरती पूरक योजना, नळयोजनेची विशेष दुरुस्ती. बहुतेक सगळं त्या वर्षाचा उन्हाळा काढण्यापुरतं. पण विशेष दुरुस्ती हे कलम बघून ठेवा, त्यातून गळकी लाईन बदलता येते आणि ते काम पुढची कितीतरी वर्षं उपयोगी पडतं.

26 जानेवारी 2024

ग्रामसभा. सरपंच ताईंनी विषय घेतला की यंदा पाण्याच्या बंधित निधीतून पहिलं काम स्रोताचं. विरोध बराच झाला. नवी मोठी टाकी पाहिजे असं तरुण पोरांचं म्हणणं होतं, टाकी दिसते, तिच्यावर नाव घालता येतं, जमिनीखालचा बंधारा कुणाला दिसणार. मी वहीतले आकडे वाचून दाखवले की जानेवारीतच कसंबसं पुरतंय, आहे ती 50 हजारांची टाकीच मे महिन्यात भरत नाही, दुसरी कशाने भरणार. तरी गोंधळ चालूच होता. मग मळ्यातल्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "नळ दिला, तोटी दिली, आता पाणी द्या की. मागल्या साली मे महिन्यात आम्ही हंडे घेऊन तिथंच, विहिरीवरच होतो न्हवं?" त्यानंतर ठराव झाला. ठराव लिहिताना कामाचं नाव, जागा, गट नंबर, कुठल्या हेडमधून, सगळं लिहून घेतलं. "पाणीपुरवठा कामे करणे" असा मोघम ठराव असला की पुढे तो कुठल्याही कामाला लागतो.

आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम टाकून ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलं की नाही ते स्वतः डोळ्यांनी बघा. आराखड्यात नाही त्या कामावर खर्च टाकता येत नाही.

18 फेब्रुवारी 2024

भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे अर्ज केला होता, भूवैज्ञानिक साहेब येऊन गेले. अर्धा दिवस ओढ्यातून चालले, आजूबाजूच्या विहिरींत डोकावले, आमची वही मागून घेतली आणि फोटो काढून नेला.

विहीर खोल करायला ते सरळ नाही म्हणाले, आणि कारण पटण्यासारखं होतं. आपला सगळा दख्खनचा खडक बेसॉल्ट. वर मुरूम, त्याखाली भेगांचा थर, त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरमात आणि भेगांत असतं, अखंड पाषाणात नसतं. आमची विहीर आधीच पाषाणाला लागलीये, अजून दहा फूट सुरुंग लावून खाली गेलं तर साठवायला रिकामी जागा वाढेल, झरे वाढतील याची खात्री नाही. अंदाजपत्रकात विहीर खोल करणं टाकायला सगळ्यांना आवडतं कारण ते ओळखीचं काम आहे. इथे त्याने दोनेक लाख खडकात गेले असते.

त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. एक, विहिरीच्या खालच्या अंगाला ओढ्यात भूमिगत बंधारा, म्हणजे ओढ्याच्या पात्राला आडवा चर थेट पाषाणापर्यंत खणायचा, त्यात प्लॅस्टिकचा जाड कागद आणि काळी चिकण माती भरून भिंत करायची आणि वरून पात्र पूर्ववत करायचं. पाऊस संपल्यावर वाळू-मुरमातून खाली निसटून जाणारं पाणी तिथे अडतं आणि विहिरीच्या अंगाला थांबतं. जमीन पाण्याखाली जात नाही, बाष्पीभवन जवळजवळ नाही. दोन, वरच्या जुन्या सिमेंट बंधाऱ्यातला गाळ काढून तिथे रिचार्ज शाफ्ट, म्हणजे साठलेलं पाणी जमिनीत खोल मुरवणारा उभा खड्डा.

अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली जी आमच्या नजरेसमोर असून दिसत नव्हती. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायची तर परवानगी लागते, 1993 च्या भूजल कायद्यापासूनचा नियम आहे. आमच्या विहिरीभोवती त्या अंतरात किती नव्या बोअर झाल्यात ते मोजायला नको इतक्या आहेत. आहेत त्या बंद करायला सांगणं अवघड, शेजारचीच माणसं, त्यांचंही पोट त्यावर. पण यापुढे त्या हद्दीत नवी नको असा ठराव करून घेतला.

10 मार्च 2024

बल्क मीटर (मोठ्या लाईनीतून किती पाणी गेलं ते मोजणारे) दोन बसवले, एक विहिरीवर, एक टाकीच्या तोंडाशी. दोन्ही मिळून फिटिंगसकट 45 हजारांच्या आत, ग्रामनिधीतून. पहिल्याच आठवड्यात पैसे वसूल म्हणायला हरकत नाही. विहिरीवर दिवसाला 62 युनिट (एक युनिट म्हणजे हजार लिटर), टाकीवर 51. म्हणजे 11 हजार लिटर, एक मोठा टँकर भरेल एवढं पाणी रोज मध्येच जातंय. पाईपलाईन जिथे ओढा ओलांडते तिथे तिन्ही त्रिकाळ हिरवळ असायची, सगळ्यांना वाटायचं झरा आहे. जॉइंट गेला होता.

शिवाय टाकीचा आऊटलेट बंद ठेवून रात्रभर पातळी बघितली तर तीही उतरत होती, वॉशआऊटचा (टाकी धुताना पाणी सोडायचा) व्हॉल्व्ह गळत होता. नवा बसवला. ओढ्यातला तुकडा विशेष दुरुस्तीत मागितला, जुना पीव्हीसी काढून तिथे लोखंडी पाईप, दोन्ही बाजूला काँक्रीटमध्ये धरलेला. ज्यांच्या लाईन ओढ्यातून जातात त्यांनी हे आधी बघा, पुरात पहिली जाते ती हीच जागा. 2019 आणि 2021 च्या पुरात कोल्हापूर-सांगली, चिपळूण-महाडकडे चहूकडे पाणी असून प्यायला नव्हतं, कारण पंप आणि लाईनीच पाण्याखाली गेल्या होत्या. आमच्याकडे टंचाई म्हणून आम्ही पुराचा विचारच केला नव्हता.

16 मार्च 2024

लोकसभेची आचारसंहिता लागली. बंधाऱ्याचं अंदाजपत्रक तयार, तांत्रिक मान्यता नाही. आता 6 जूनपर्यंत नवीन काहीच सुरू होणार नाही. टंचाईची कामं चालू राहतात म्हणून दुरुस्तीचं काम तेवढं सुटलं.

12 मे 2024

विहीर तासाला 3 सेंटीमीटर चढतेय. म्हणजे तासाला दीड हजार लिटर, दिवसाला 36 हजार. लागतात 1 लाख 4 हजार. कागदावर शंभर टक्के घरांत नळ आणि एक तृतीयांश पाणी, असा हा हिशोब आहे. पाच दिवसांनी एकदा नळ सोडतोय. एक खाजगी विहीर अधिग्रहित झाली, तिच्या मालकाने म्हणजे तात्यांनी स्वतःची भाजी सोडून पाणी दिलं, त्यांना मिळणारा मोबदला त्या भाजीच्या मानाने काहीच नाही. टँकर चालू आहे.

लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते सगळ्यांना आठवतं. शहर होतं म्हणून रेल्वे गेली. आमच्यासारख्या गावांकडे टँकरच येतो आणि तो रस्त्यावरच्या पहिल्या आळीत निम्मा संपतो, वाडीपर्यंत पोचत नाही. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया उन्हात रांगेत उभ्या असतात हे बघवत नाही, आणि दरवर्षी जून आला की आपण ते विसरतो.

या काळातला एक धोका कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पाच दिवस रिकामी राहिलेली लाईन बाहेरचं घाण पाणी गळतीतून आत ओढते. म्हणून नळ सोडायच्या दिवशी पहिली दहा मिनिटं पाणी सोडून द्यायला सांगितलं, तेवढंही लोकांना परवडत नव्हतं, आणि शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी) सुरू केली. टाकीजवळ क्लोरीन दिसतो, शेवटच्या घरी दिसत नाही. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम आला पाहिजे. टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) पिशवी उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, हवाबंद डब्यात ठेवा.

21 जून 2024

आचारसंहिता उठली, अंदाजपत्रक परत आलं. तीन शेरे: दर जुन्या दरसूचीचे, ओढ्याचा आडवा छेद जोडलेला नाही, आणि रिचार्ज शाफ्ट व बंधारा एकाच कामात दाखवलेत ते वेगळे करा. तिन्ही शेरे बरोबर होते. पण ते फेब्रुवारीतच कळले असते तर मार्चच्या आधी मान्यता मिळाली असती. अंदाजपत्रक सादर करण्याआधी शाखा अभियंता साहेबांना कच्चं दाखवून घ्यायला हवं होतं, पुढच्या कामांना तसंच केलं आणि एकही परत आलं नाही.

ओढ्याला पाणी आलंय. आता चर खणणं म्हणजे नोव्हेंबरपर्यंत थांबणं. एक अख्खा हंगाम गेला. बंधाऱ्याचं काम करणाऱ्या सगळ्या गावांनी हे कॅलेंडर लिहून ठेवा: जमिनीखालचं काम ओढा आटल्यावर होतं, कागद मात्र पावसाळ्यात पूर्ण करायचे.

11 ऑगस्ट 2024

पावसाळ्यात विजेचं काम घेतलं. गेल्या तीन वर्षांचं रजिस्टर काढलं तर पाणी बंद राहिल्याचे निम्म्याहून जास्त दिवस विहीर कोरडी म्हणून नव्हते, मोटर जळली म्हणून होते. एक फेज गेला तरी मोटर चालू राहते, वाइंडिंग जळतं, मग काढा, तालुक्याला न्या, भरून आणा, परत सोडा, तोवर गाव बोंबलतंय. प्रत्येक वेळी दहा-बारा हजार जातात ते वेगळेच.

नवीन पॅनेल घेतलं, त्यात सिंगल फेज प्रिव्हेंटर म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद, ड्राय रन संरक्षण म्हणजे पाणी तळाला गेलं की मोटर आपोआप बंद, आणि टाकी भरली की बंद होणारा लेव्हल सेन्सर. एक 5 एचपीची मोटर शिल्लक म्हणून घेऊन ठेवली. सगळं मिळून 1 लाख 10 हजार. सेन्सरची वायर सव्वा किलोमीटर ओढायचं आधी ठरलं होतं, ती पहिल्याच विजांच्या पावसात गेली असती, त्याऐवजी सिमकार्डवर चालणारं युनिट घेतलं. पॅनेलची पेटी जुन्या पुराच्या खुणेच्या वर, चार फूट उंच चौथऱ्यावर नेली. पेटी आधी जिथे होती तिथे ओढ्याला पूर आला की गुडघाभर पाणी लागायचं आणि तरी इतकी वर्षं ती तिथेच होती.

सोलरचा विचार झाला. विहिरीला पाणी असेल तर दिवसा सोलरवर उपसा उत्तम, पण आमचा अडसर पाण्याचा होता आणि त्याची किंमत आमच्या दोन वर्षांच्या बंधित निधीएवढी. मागे ठेवलं.

12 ऑक्टोबर 2024

हे जरा सविस्तर लिहितो कारण यातच मागचं वर्ष गेलं होतं. तांत्रिक मान्यता सप्टेंबरात मिळाली, निविदा झाली, कार्यारंभ आदेश या आठवड्यात हातात आला. विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल असं सगळेच म्हणत होते. नियम असा की आदेश निघालाय पण जागेवर काम सुरू नाही, तर ते सुरू करता येत नाही, आणि काम प्रत्यक्ष सुरू झालेलं असेल तर चालू राहतं. ओढ्यात अजून पाणी होतं. तरी आज दसऱ्याचा मुहूर्त साधून काठाच्या कोरड्या बाजूने चर सुरू केला, तारीख-जागेसकट जिओ टॅग फोटो, मोजमाप पुस्तिकेत पहिली नोंद, अभियंता साहेबांची सही. तीन दिवसांनी, 15 तारखेला, आचारसंहिता लागली. काम थांबलं नाही.

8 डिसेंबर 2024

चर खणून झाला. ओढ्याचं पात्र तिथे 30 मीटर, पाषाण 3 ते 4 मीटरवर लागला. पात्राच्या मधोमध पाणी सारखं भरत होतं, दोन डिझेल पंप लावून उपसत राहावं लागलं, डिझेलचा खर्च अंदाजपत्रकात धरलेल्याच्या दुप्पट झाला.

चिकण माती कुठून आणायची हा प्रश्न असतो. वरच्या सिमेंट बंधाऱ्यातला गाळ काढायचाच होता, त्यातला तळाचा काळा थर चाचणीला चांगला निघाला, हातात वळवून वेटोळं केलं तरी तडा गेला नाही. वरचा वाळूमिश्रित गाळ शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने शेतात नेला. त्यामुळे मातीचे पैसे वाचले आणि बंधाराही रिकामा झाला.

कागद टाकताना ठेकेदाराच्या माणसांनी जोड नुसते एकावर एक ठेवले होते. काढून परत करायला लावलं, जोडाला तीन फूट ओव्हरलॅप आणि गरम करून चिकटवलेला. माती एक एक फुटाचा थर देऊन पाणी मारून धुमस केली. एकदम ओतली तर खाली पोकळी राहते, आणि जमिनीखाली काय राहिलं ते नंतर कुणालाही दिसत नाही. म्हणून समितीतलं कुणीतरी रोज तिथे उभं राहायचं असं केलं. बचत गटाच्या ताई सगळ्यात नियमाने येत होत्या.

5 जानेवारी 2025

बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला निरीक्षणासाठी दोन पाईप उभे सोडलेत. वरच्या पाईपात पाणी चढतंय, पण डाव्या काठाजवळ खालच्या अंगाला ओल दिसायला लागली. भूवैज्ञानिक साहेबांना फोटो पाठवले. कारण असं निघालं की डाव्या काठाला चर पाषाणात शिरायच्या आधीच थांबला होता, मुरमातच, आणि पाणी भिंतीला वळसा घालून निघत होतं. नकाशात पात्राची रुंदी धरली होती, काठातला जुना मुरमाचा पट्टा धरला नव्हता. चर 12 मीटर आणखी काठात नेला. बंधारा 4 लाख 80 हजारांत व्हायचा तो 5 लाख 55 हजारांवर गेला. वाढीव काम बंधित निधीतून बसवायला सुधारित मान्यता लागली असती आणि तोवर उन्हाळा आला असता, म्हणून वरचे 75 हजार लोकवर्गणीतून उभे केले. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांनी निम्म्याहून जास्त दिले.

2 फेब्रुवारी 2025

काल केंद्राचं बजेट झालं. जलजीवनची मुदत 2028 पर्यंत वाढवली. चालू वर्षाला आधी 70 हजार कोटींच्या आसपास ठेवले होते ते सुधारित अंदाजात 22,694 कोटींवर आले, पुढच्या वर्षाला 67 हजार कोटी. कागदावरच्या या आकड्यांचा गावातला अर्थ असा की वाडीतल्या राहिलेल्या पाईपलाईनचा ठेकेदार बिल मिळत नाही म्हणून काम सोडून गेलाय, चर उघडे पडलेत आणि कधी येईल सांगता येत नाही. त्याचं तरी काय चुकलं. पण यातून एक कळलं की ज्या कामावर उन्हाळा अवलंबून आहे ते स्वतःच्या खात्यात आलेल्या पैशातून करावं, वरून येणाऱ्या हप्त्यावर टांगून ठेवू नये.

रिचार्ज शाफ्ट दोन झाले, 1 लाख 20 हजार. तळाला मोठे दगड, मग खडी, वर वाळू असं साधं फिल्टर अंदाजपत्रकात होतं. शेजारच्या एका गावाचे शाफ्ट बघून आलो तर दोन पावसाळ्यांतच वरच्या वाळूवर गाळाची साय धरून बंद पडलेले. म्हणून शाफ्टच्या तोंडाला जमिनीपासून दोन फूट उंच जाळीदार पाईप ठेवला, गढूळ पहिलं पाणी खाली बसेल आणि वरचं निवळ आत जाईल, आणि वरची अर्धा फूट वाळू दर मे महिन्यात काढून धुऊन परत टाकायची हे पाणी कर्मचाऱ्याच्या कामाच्या यादीत लिहून दिलं.

9 मार्च 2025

बिल. मोजमाप पुस्तिका, फोटो, पूर्णत्वाचा दाखला, सगळं असून पैसे अडकले, कारण व्हेंडरचं बँक खातं बदललं होतं आणि सरपंच ताईंच्या डिजिटल सहीची मुदत संपली होती. मार्चमध्ये डिजिटल सही नूतनीकरणाला सगळ्या पंचायती एकदम धावतात. जानेवारीतच तपासा.

पाणीपट्टीवर ग्रामसभेत बोललो. नवं पॅनेल, मीटर, शाफ्ट, कशाचीच देखभाल फुकट होत नाही. वसुली निम्मीच होती. मीटरचे आकडे आणि मोटर दुरुस्तीचा तीन वर्षांचा खर्च पंचायतीच्या भिंतीवर लावला, आणि वसुलीत फरक पडला, लोकांना पैसे कुठे जातात ते दिसलं की देतात. वर्षाला 40 हजार वेगळ्या खात्यात दुरुस्ती निधी म्हणून ठेवायचा ठराव केला.

11 मे 2025

विहीर तासाला साडेपाच सेंटीमीटर चढतेय. दिवसाला 66 हजार लिटर. मागच्या मेमध्ये 36 हजार होते. शिवाय ओढ्यातली गळती बंद झाल्याने 11 हजार वाचतात. एक दिवसाआड नळ सोडतोय, टँकर मागवावा लागला नाही, तात्यांच्या विहिरीला हात लावला नाही.

हे सगळं बंधाऱ्यामुळे असं मी म्हणणार नाही. 2024 चा पाऊस चांगला झाला होता, आसपासच्या विहिरीही मागच्या वर्षीपेक्षा बऱ्या आहेत. पण बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या पाईपातली पातळी खालच्या अंगापेक्षा सव्वा मीटर वर आहे, तेवढं पाणी बंधाऱ्याने धरलंय हे नक्की. खरी परीक्षा पाऊस फसेल त्या वर्षी.

आणि 66 हजार म्हणजे 1 लाख 4 हजार नाहीत. अजून कमी पडतंच.

29 मे 2025

यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, मुंबईत तर 26 तारखेला मान्सून पोचला. ओढ्याला दोनदा पूर आला. पॅनेल कोरडं राहिलं, लोखंडी पाईप जागेवर आहे. दुसऱ्या पुराने बंधाऱ्यावरचा मातीचा थर एका ठिकाणी दीड फूट धुऊन नेला, कागद उघडा पडायच्या आत मोठे दगड रचून घेतले. तिथे अंदाजपत्रकातच दगडी पिचिंग धरायला हवं. शाफ्टमध्ये पाणी उतरताना आवाज येतो.

विहिरीचं पाणी गढूळ झालंय, टीसीएलचा डोस वाढवला, नमुना प्रयोगशाळेत पाठवलाय.

पंधराव्या आयोगाचा कालावधी मार्च 2026 ला संपतोय. या वर्षीच्या बंधित निधीत दुसऱ्या स्रोताचं काम टाकलंय: वरच्या बाजूची पडीक सार्वजनिक विहीर साफ करून, तिथे छोटी मोटर आणि साडेचारशे मीटर लाईन, म्हणजे एक विहीर बसली तरी दुसरी राहील. अंदाजपत्रक 3 लाख 60 हजार, कच्चं साहेबांना दाखवून झालंय. त्या विहिरीच्या सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागलेलं नाही, तलाठी ऑफिसला फेरफारचा अर्ज दिलाय. तो झाल्याशिवाय तांत्रिक मान्यतेला पाठवता येणार नाही.